बटणफुलांची पेटवणी

मर्ना ड्यूअरच्या तोंडाला लागायचं नाही, हे कुरामलमध्ये शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. शर्टाच्या बटणाएवढ्या एका पिवळ्या फुलासाठी ही बाई नगरपालिकेशी भांडली, रेल्वेवाल्यांशी भांडली, आणि दफनभूमीच्या विश्वस्तांशी तर इतकी वर्षं भांडली की दोन्ही बाजूंना त्याची सवय होऊन गेली. तिचा नवरा अ‍ॅल्विन त्याच दफनभूमीत निजला होता. गावातले टवाळ म्हणत, बिचारा मेल्यावरही सुटला नाही, रोज सकाळी बायको खुरपं घेऊन उशाशी हजर.

बटणफूल म्हणतात त्याला. एकेकाळी सगळं माळरान त्याने पिवळं व्हायचं, असं म्हातारे सांगत. मग नांगर आला, मेंढ्या आल्या आणि पोत्यांनी खत आलं. बटणफुलाला यातलं काहीच मानवत नाही. नांगराने त्याचं मूळ उलथतं, मेंढी शेंडा ठेवत नाही, आणि खत घातलं की त्याच्यापेक्षा शेजारचं तण माजतं. ते तगलं फक्त तिथे, जिथे या तिघांनाही मज्जाव होता, म्हणजे मेलेल्यांच्या जागेत.

ते वाढवायचं कसं हे मर्नाला विचारावं, आणि विचारल्यावर लवकर सुटका नाही याची तयारी ठेवावी. बी ताजं हवं. मातीत पुरायचं नाही, रेताड मातीवर नुसतं भुरभुरायचं, कारण त्याला उजेड लागतो. पाणी बेताचं. उन्हाळा सरता सरता वरचं सगळं वाळून काडी होतं, तेव्हा मेलं समजून कुंडी उपडी करायची नाही. मूळ खाली जिवंत असतं आणि थंडीच्या तोंडाला पुन्हा फुटतं. आणि मुख्य म्हणजे हे फूल गोत्र पाळतं. आपल्याच गोतातल्या झाडाचा पराग त्याला चालत नाही, बी म्हणून धरत नाही. दफनभूमीत झाडं बरी होती, पण बहुतेक सगळी एकमेकांची भावंडं. परक्या गोताची उरली होती ती पूर्वेच्या कोपऱ्यात, मॅकफेल घराण्याच्या लोखंडी कठड्याजवळ, बोटांवर मोजण्याइतकी. मर्ना दर उन्हाळ्यात रंगाचा बारीक ब्रश घेऊन इकडचा पराग तिकडे नेई आणि सोयरिकी जुळवी. गावातल्या माणसांच्या तिने एवढ्या जुळवल्या असत्या तर लोकांनी दुवा दिला असता.

पण सगळ्यावर एक अट होती, आगीची. माळावरचं कांगारू गवत वाढत जातं, वाळत जातं, आणि काही वर्षांत त्याचा असा जाड गालिचा होतो की खालच्या फुलाला ना उजेड ना हवा. अधूनमधून ते पेटवावंच लागतं. गवत जळतं, फुलाचं मूळ मातीत सुखरूप राहतं, आणि पुढच्या हंगामात ते मोकळा श्वास घेतं. पण बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका पेटवणीनंतर विश्वस्त अडून बसले होते. म्हणत, आमच्या पूर्वजांच्या अंगावर काडी लावणार होय? ते हो म्हणेपर्यंत निम्मी फुलं गुदमरून गेली. या एप्रिलमध्ये, तिकडे उन्हाळा सरतो तेव्हा, एकदाची परवानगी मिळाली, तीही या एकाच वेळेपुरती. पुढचं पुढे बघू, असं त्यांनी बजावलं होतं.

गावचं अग्निदल म्हणजे गावचीच माणसं. मेंढ्या कातरणारा नेव्ह त्यांचा प्रमुख. आदल्या दिवशी मर्नाने त्याला फोन करून सांगितलं होतं, "उद्या मला हॅमिल्टनला दातवाल्याकडे जायचंय. वारा बरा असला तर माझ्यासाठी थांबू नका. असा दिवस परत मिळायचा नाही." आणि सकाळी दातवाल्याकडून निरोप आला की डॉक्टरच तापाने पडलाय. हे नेव्हला कळवावं असं तिला वाटलं नाही. दुपारी ते येतील तेव्हा आपण तिथेच त्यांच्या डोक्यावर उभ्या असू, कळवायचंय काय?

जळण्याआधी मॅकफेलांच्या कोपऱ्यातलं शेवटचं बी गोळा करावं म्हणून ती निघाली. तिच्या कुरणाला लागूनच दफनभूमीचं मागचं कुंपण होतं. तारेखालून सरपटली की आत. गाडी काढायची गरज नाही. पिंडऱ्यांना बांधायचे जाड चामडी पट्टे शेडमध्ये खुंटीला लटकत होते, त्यांच्याकडे तिने पाहिलं आणि जाऊ दे म्हणाली, दहा मिनिटांचं तर काम. फोन कुंड्यांच्या फळीवर राहिला. तो नेहमीच तिथे राहायचा.

गवत कमरेएवढं वाढलेलं, लालसर, वाळून खडखडीत. ऊन चांगलं होतं. कोपऱ्यात ती गुडघ्यांवर बसली आणि वाळलेली एकेक बटणं चिमटीत चुरून कापडी पिशवीत टाकू लागली. पिशवीचा तळ भरला तशी तिची तब्येत खूश झाली. दुसरं झाड गाठायला ती तशीच मागे सरकली, आणि डाव्या पोटरीला काहीतरी टोचलं.

काटा असेल असं वाटलं. मग तिने मान वळवली आणि गवतात सरसरत जाणारी शेपटी पाहिली. तपकिरी, अंगठ्याएवढी जाड, कसलीच घाई नसलेली.

त्या मुलखात चालायला शिकलेलं मूल सापाचे नियमही शिकतं. पळायचं नाही. धुवायचं नाही. पट्टी बांधायची, घट्ट, बोटांपासून मांडीपर्यंत, आणि मग दगडासारखं पडून राहायचं, कारण पाय हलला की विष चढतं. मर्नाच्या जाकिटात पट्टीची गुंडाळी होती, सगळ्यांच्याच असते. तिने बूट काढला. पोटरीवर दोन लहानसे ठिपके होते, रक्ताचा एकच थेंब. पहिला वेढा सुटला. दुसऱ्यांदा तिने पट्टीचं टोक दातात धरलं आणि बांधत वर गेली, जांघेपर्यंत. मग हळूच आडवी झाली.

वर निळं आभाळ होतं आणि बाजूंना गवत. तिला भीती वाटत होती. उगाच कशाला झाकायचं, चांगलीच पाचावर धारण बसली होती. तपकिरी साप चावलेला शेजारच्या मळ्यातला गडी कुंपण ओलांडून घराकडे धावला आणि दारात पडला तो पडलाच, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कधी कधी साप नुसता चावतो, विष सोडत नाही, असंही लोक सांगतात. पण ते कळायचं कसं? वाट बघून. आणि वाट बघायची म्हणजे छातीत हे जे धाडधाड चाललंय ते ऐकत पडायचं.

काळीज शांत करायला ती मनात पेरणी करू लागली. तीन भाग वाळू, एक भाग माती. तळाला बारीक खडी. बी वरून भुरभुरायचं, दाबायचं नाही. वर चिमूटभर खडी, पावसाने बी उडू नये म्हणून. पाणी खालून द्यायचं, ताटलीतून. तिने अशा कितीतरी कुंड्या भरल्या. श्वास जरा लांबला.

आणि मग तिला आठवलं की दुपारी अग्निदल येणार आहे. केवढा धीर आला. नेव्ह येईल, क्लेम म्हातारा येईल, ब्रॉन येईल. पेटवण्याआधी ते तुडवण करतीलच. तुडवण म्हणजे सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून रांग धरायची, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत गवतात काठ्या आपटत चालायचं आणि हाका मारायच्या, आत कुणी आहे का म्हणून. एकदा एक दारुडा असाच गवतातून निघाला होता. तशीच आज मर्ना ड्यूअर निघेल. जन्मभर चिडवतील मेले. चिडवू देत.

हे मनात येतंय तोच तिला पुढचं आठवलं.

मागच्या पेटवणीला, बऱ्याच वर्षांपूर्वी, त्यांनी अशीच तुडवण केली होती. मुळांना कोवळे फुटवे येत होते. दांडग्या बुटांच्या रांगेखाली झाडंच्या झाडं मुळासकट चेचली गेली आणि मर्नाने साऱ्या दलाला भर रस्त्यात उभं करून झाडलं होतं. तुमच्या आईच्या अंगणात असे नाचाल का, तुमच्यापेक्षा मेंढ्यांना अक्कल जास्त, आणि बरंच काही. नेव्ह बिचारा टोपी हातात घेऊन उभा होता. शेवटी तिने त्याच्याकडून शब्द घेतला होता, की या कुंपणाच्या आत पेटवण्याआधी एकही बूट पडणार नाही. बाहेरून बघायचं, बाहेरूनच काडी लावायची. नेव्ह शब्दाला पक्का माणूस. तिने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि नेव्ह आता गवत जाळायच्या डब्यात तेल भरत असणार.

किती वेळ गेला कोण जाणे. डोकं ठणकू लागलं, एकदा ओकारी आली. मग रस्त्यावर बंब थांबल्याचा आवाज आला.

वारा दक्षिणेचा होता, फाटकाकडून तिच्याकडे येणारा. त्यामुळे त्यांचं बोलणं तिला शेजारच्या खोलीतल्यासारखं ऐकू आलं.

"मर्ना कुठंय रे? अजून आपल्या नावाने शंख कसा नाही?" हा क्लेम. पोस्टमन म्हणून निवृत्त झालेला, अर्धा बहिरा, त्यामुळे बोलणं नेहमी वरच्या पट्टीत.

"हॅमिल्टनला गेलीय. दात काढायला," नेव्ह म्हणाला.

"एकच? सगळे काढून ये म्हणावं. गावाला तेवढाच आराम."

ब्रॉन हसली. ती नेव्हची पुतणी, याच वर्षी दलात आलेली. "काका, तुडवण करायची ना?"

"इथे नाही. मर्नाला शब्द दिलाय."

"अहो पण नियम आहे."

"नियम मला नको शिकवू. फुलावर बूट पडला तर ती आपल्याला इथेच अ‍ॅल्विनच्या शेजारी पुरेल, आणि वर दगडही लावणार नाही. कुंपणावरून बघ."

"कुंपणावरून काय दिसणार, कपाळ? गवत कमरेला लागतंय."

"ससे असतील तर पळतील. माणूस कोण येतंय मरायला? चल, वारा आहे तोवर उरकू."

"नेव्ह," मर्ना ओरडली. "नेव्ह, मी आत आहे." घशाला कोरड पडलेली, आवाज फाटलेला, आणि जो काही होता तो वाऱ्याने उचलून उत्तरेच्या कुरणात नेऊन टाकला. तिथल्या मेंढ्यांनी माना वर केल्या असतील तर असतील. तिने पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा. मग बंबावरचा पाण्याचा पंप सुरू झाला आणि त्याच्या घरघरीत सगळंच बुडालं. सगळ्या गावाला ज्या तोंडाची धास्ती, ते तोंड नेमक्या वेळी कामाचं राहिलं नाही.

ते कसं पेटवतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आधी वाऱ्याच्या पुढची कड, म्हणजे उत्तरेचं कुंपण. तिथली आग वाऱ्याला तोंड देत मुंगीच्या पावलाने मागे सरकते, घोट्याएवढीच असते. ती रुंद काळा पट्टा करून ठेवते, म्हणजे पुढे आग कुंपण ओलांडणार नाही. मग बाजू. आणि शेवटी फाटकाकडची बाजू, वाऱ्याच्या पाठीकडची. ती पेटली की आग धावते, पुरुषभर उंच होते, आणि तिच्यापुढे माणसाचं काही चालत नाही. दफनभूमीच्या मधोमध फाटकापासून पायवाट जाते. ते आधी पूर्वेचा भाग उरकणार होते, जिथे ती पडली होती, आणि मग पश्चिमेचा, जिथे फुलांचा मोठा ताटवा होता. हा क्रम तिनेच ठरवून दिला होता.

धुराचा पहिला वास आला तेव्हा तिला रडू फुटलं.

पडून राहावं तर जळणार. उठावं तर विष चढणार. उभी राहून हात हलवले तर दिसेन का? तिने कोपरावर रेलून बघितलं. एवढ्यानेच आभाळ गरगरलं आणि ती पुन्हा आडवी झाली. पट्टी बांधलेला पाय लाकडासारखा जड झाला होता. तो विषाने जड झाला की घट्ट पट्टीने, हे कळायला मार्ग नव्हता, आणि न कळण्यानेच ती जास्त घाबरली.

उत्तरेकडून तडतड येऊ लागली. एक ससा तिच्या डोक्याजवळून गेला, थबकला, तिच्याकडे बघून परत पळाला. गवताच्या काड्यांमधून खाली, जमिनीलगत, तिला केशरी रेघ दिसली.

मॅकफेलांच्या कोपऱ्यापासून जवळच तिचा वाफा होता. गेल्या हिवाळ्यात तिने तिथली वरची माती वीतभर खरवडून काढली होती, तणाचं बी आणि जुनं खत दोन्ही निघून जावं म्हणून. उघड्या, भुकेल्या जमिनीत तिने रोपं लावली होती, दोन्ही गोतांच्या संकरातून उठलेली, कुंडीत वर्षभर जपलेली. रोपांच्या मधलं गवताचं पातंही ती हाताने उपटत असे. तिथे जळण्यासारखं काही नव्हतं.

एरवी चार ढांगांवर होता तो. मर्ना पोटावर वळली आणि कोपरांनी स्वतःला ओढू लागली.

प्रत्येक ओढीला तिला वाटे, आता विष मांडीपर्यंत आलं, आता पोटात, आता छातीत. ती मध्येच थांबे आणि पाय धडधडतोय का बघे. कुठलीशी जुनी कबर आडवी आली, तिच्या दगडी काठाला वळसा घालावा लागला. हे मेलेले लोक एरवी तिला सोबत वाटत. आज ते खाली आहेत आणि आपणही लवकरच, हे सोडून दुसरं काही सुचेना. अ‍ॅल्विनचं नावसुद्धा तोंडात आलं नाही. देवाचंही नाही. "नको, नको," एवढंच ती म्हणत होती, लहान मुलीसारखं.

मग पंपाच्या घरघरीवरून शिट्टी ऐकू आली. फाटकाकडची बाजू पेटवताना नेव्ह शिट्टी वाजवतो, सगळ्यांनी बाजूला व्हावं म्हणून.

बाजूला व्हायला तिला जेमतेम वेळ मिळाला. वाफ्याच्या कडेवरून ती घरंगळली ती रोपांवरच. पाठीखाली, खांद्याखाली कोवळे देठ मोडल्याचं तिला कळलं. एरवी यातल्या एका देठासाठी तिने कुणाचाही जीव खाल्ला असता. आता तिला एकच वाटलं, वाफा आणखी मोठा का नाही केला. पाय कडेबाहेर राहत होते. ती अंगाचं मुटकुळं करून मध्ये सरकली, आणखी चार रोपं मोडली, कमरेला लावलेल्या बाटलीतलं पाणी टोपीवर ओतलं आणि टोपी तोंडावर दाबली.

आग आली ती आवाजाने आली. वळवाच्या गारा याव्यात तसा धडाडा, पण कोरडा. उष्णतेने पाठीवरचं जाकीट कडक झालं. श्वास घेतला की घसा भाजे, सोडला की परत घ्यायची भीती. केसांचा वास आला. हे संपणार नाही, असंच तिला वाटत राहिलं. आणि मग ते पुढे निघून गेलं, उत्तरेच्या काळ्या पट्ट्याला भिडलं आणि एकदम बसलं.

ती जिवंत होती. टोपीखाली डोळे उघडून बघायचं धाडस होत नव्हतं.

"इथे भोक राहिलंय," क्लेमचा आवाज आला. "नेव्ह, मधे एक ठिगळ पेटलंच नाही. लावतो मी."

न जळलेलं ठिगळ मागे ठेवायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. मर्नाने टोपी सरकवली. धुरातून म्हातारा येत होता, खाली बघत, हातातल्या डब्याच्या नळीतून जळतं तेल थेंब थेंब टाकत, वाफ्याच्या कडेच्या उरल्यासुरल्या गवतावर. तिने हाक मारली. घशातून नुसती हवा निघाली, आणि हाक निघाली असती तरी क्लेमच्या कानांपर्यंत काय पोचणार होतं. जळता थेंब तिच्या उजव्या बुटाच्या टाचेपासून हातभर अंतरावर पडला.

हातात बियांची पिशवी होती. एवढं सरपटताना तिने ती सोडली नव्हती, कशी ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने ती फेकली. पिशवी क्लेमच्या छातीवर आपटली आणि खाली पडली, जळत्या गवतात. क्लेमने दचकून पिशवीकडे पाहिलं, मग पिशवी आली तिकडे.

त्याने डबा दूर भिरकावला. बी तडतडत होतं तेव्हा तो तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला होता आणि ओरडत होता, शब्द नाहीत, नुसतं ओरडणं.

मग सगळे आले. ब्रॉनने पट्टीवर दुसरी पट्टी चढवली, पायाला फावड्याचा दांडा बांधला, बंबावरच्या बिनतारीवरून ॲम्ब्युलन्स बोलावली. तिचे हात सराईत होते, तोंड मात्र पांढरंफटक. तिघांनी मर्नाला ताडपत्रीवर घालून पायवाटेवर आणलं. ब्रॉन म्हणाली, "चावून बराच वेळ झालाय आणि तू अजून आमच्याकडे डोळे वटारून बघतेयस. विष फार नसणार. पण हलू नकोस. अजिबात हलू नकोस."

नेव्ह उभाच होता. काजळी माखलेल्या चेहऱ्याचा एवढा दांडगा माणूस, टोपी हातात घेऊन. "मी कुंपणावरून बघितलं," तो म्हणाला. "मर्ना, मी कुंपणावरून नीट बघितलं होतं."

तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. पायवाटेच्या पलीकडे, पश्चिमेच्या भागात, उत्तरेच्या कुंपणालगत केशरी रेघ सरकत होती. घोट्याएवढी. इकडचं उरकताना त्यांनी तिकडची कड आधीच लावून ठेवली होती. तड, तड, तड. शांत, शिस्तीची, अगदी हवी तशी आग. याहून चांगली पेटवणी तिने स्वतः मागितली नसती.

नेव्हने तिची नजर पाहिली आणि त्याला वाटलं, तिला फुलांची काळजी. "तिकडचं चाललंय व्यवस्थित," तो समजावत म्हणाला. "तिकडे आता कोण नाही, बिनतारीकडे गेली होती तेव्हाच ब्रॉन तिकडून चालत जाऊन बघून आली. तासाभरात सगळं मोकळं होईल. तुझी फुलं येतील बघ पुढच्या वर्षी."

"विझव," मर्ना म्हणाली.

"काय?"

"विझव ते."

नेव्ह खाली वाकला. "मर्ना, परवानगी या एका वेळेची आहे. विश्वस्त परत देणार नाहीत. आजचं कळल्यावर तर नाहीच नाही. हा ताटवा आणखी दोन हिवाळे काढणार नाही, असं तूच मला सांगितलंयस."

"मला ठाऊक आहे."

"इकडचं बीही गेलं."

"नेव्ह, मला तो आवाज ऐकवत नाही. विझव."

मग त्याने क्लेमला खूण केली आणि दोघे पाण्याची नळी ओढत पश्चिमेच्या भागात शिरले, जाड बुटांनी, गवत आडवं करत. पाणी पडलं तशी आग फुसफुसली आणि वाफेचा पांढरा लोट उठला. ताडपत्रीवर पडल्यापडल्या मर्ना ऐकत होती. गवत भिजत होतं, जड होऊन खाली बसत होतं, आणि त्याच्याखाली काय होतं हे तिच्याइतकं पृथ्वीच्या पाठीवर कुणाला ठाऊक नव्हतं. तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

"विझलं," लांबून नेव्ह म्हणाला.

"आणखी पाणी टाक," तिने ब्रॉनला त्याला ओरडून सांगायला लावलं, आणि ब्रॉनचा हात काही केल्या सोडेना.